लेखन-कार्यक्रमाच्या नव्या समन्वयकास

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पदवीच्या पहिल्या वर्षासाठी लेखन-कार्यक्रम सुरू करून त्याचे समन्वयकपद महाविद्यालयाने तुझ्याकडे दिल्याचे कळले. तू पाठवलेला आराखडा नेटका आहे. मात्र विद्यार्थी जे लिहितील ते कोण वाचणार आणि केव्हा वाचणार, याचा हिशेब त्यात नाही, आणि माझ्या मते असा कार्यक्रम तरतो किंवा बुडतो तो तिथेच.

एका तुकडीत 60 विद्यार्थी, सत्रात प्रत्येकी 4 लेख आणि प्रत्येक लेखाचे 2 खर्डे धरले तर 480 खर्डे होतात. एकाला 15 मिनिटे दिली तरी 120 तास लागतात, आणि ते कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाहीत. तुझे निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर असतील, तर त्यांना मानधन शिकवण्याच्या तासांचे मिळेल, वाचनाचे नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन लेखन-शिक्षकांच्या संघटनेने एका वर्गात 20 पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत असे सुचवले आहे. आपल्याकडे ते जमणार नाही, हे उघड आहे. म्हणून लेख 4 ऐवजी 2 ठेव, पण दुसऱ्या खर्ड्याला कात्री लावू नकोस. जॅनेट एमिग आणि डोनाल्ड मरी या अमेरिकी लेखन-अभ्यासकांनी 1970च्या दशकात लेखनाकडे प्रक्रिया म्हणून पाहण्याचा जो आग्रह धरला, त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की पहिला खर्डा गुण देण्यासाठी नव्हे, तर प्रश्न विचारण्यासाठी वाचायचा असतो.

हार्वर्डने 1885 मध्ये, म्हणजे आपले नागपूरचे मॉरिस कॉलेज निघाले त्याच वर्षी, पहिल्या वर्षाला इंग्रजी लेखनाचा अनिवार्य विषय लावला. शाळेत राहून गेलेले इथे दुरुस्त करून घ्यावे, ही अपेक्षा तेव्हापासून अशा कार्यक्रमांच्या मानगुटीवर बसलेली आहे, आणि इतर विभागांचे प्राध्यापक तुझ्याकडेही शुद्धलेखनाची गाऱ्हाणी घेऊन येतीलच. अशा वेळी मिना शॉनेसी यांचे काम आठवावे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये 1970 साली खुला प्रवेश सुरू झाल्यावर नव्या विद्यार्थ्यांचे सुमारे 4,000 निबंध त्यांनी अभ्यासले आणि चुकांमध्येही एक तर्क असतो, हे दाखवून दिले. आपल्याकडचा विद्यार्थी प्रकल्प-अहवालात ‘भूजलपातळी कमी होऊन राहिली आहे’ असे लिहितो तेव्हा तो बेफिकीर नसतो. घरीदारी तो जे नियमाने बोलतो, तेच त्याने कागदावर उतरवलेले असते. त्या वाक्याखाली लाल रेघ ओढण्याआधी पातळी किती वर्षांत, किती मीटरने आणि कोणत्या तालुक्यात घटली, हे समासात विचार. उत्तरे शोधताना तो अख्खा परिच्छेद नव्याने लिहील. प्रमाण रूप दुसऱ्या खर्ड्यात सांगितले तर ते त्याच्या ध्यानातही राहील. (भाषेचे प्राध्यापक यावर नाक मुरडतील. मुरडू देत.)

गुणदानाचे निकष लिहून काढण्यात महिना घालवू नकोस. सत्र सुरू होण्यापूर्वी सर्व शिक्षकांना एकत्र बसव, नावे झाकलेले तेच 5 निबंध प्रत्येकाला दे, गुण स्वतंत्रपणे द्यायला सांग आणि मग ते फळ्यावर शेजारीशेजारी मांड. एकाच निबंधाला कोणी 4 आणि कोणी 8 दिलेले दिसले की चर्चा आपोआप सुरू होते आणि निकष त्या चर्चेतूनच निघतात. भूगोल व वाणिज्य विभागांतूनही एकेकाला बोलाव. अहवाल पुढे त्यांनाच वाचायचे आहेत. या बैठकीचे आणि खर्डे वाचण्याचे तास कार्यभारात धरावेत, असे पत्र प्राचार्यांना आत्ताच दे व त्याची पोचपावती घेऊन ठेव, कारण वेळापत्रक एकदा लागले की ही मागणी पुढच्या वर्षावर जाते.

तुझे सर