आधी रिपोर्टवरचा प्रकार बघा

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. १९ वर्षांच्या बहिणीच्या अंडाशयातली गाठ काढली, रिपोर्टमध्ये ‘डिसजर्मिनोमा’ आला. शेजारच्या ६१ वर्षांच्या काकू पोटात पाणी होऊन अंडाशयाच्याच कॅन्सरनं गेल्या. म्हणून बाबा म्हणतात, वावर विकूनही पोरगी हाती लागायची नाही. आईला तिच्या लग्नाची काळजी.

ताई,

बाबांना आजच सांगा, काकूंचा आजार वेगळा आणि बहिणीचा वेगळा. अवयव तेवढा एक.

अंडाशयाचा कॅन्सर कोणत्या पेशीतून निघाला, त्यावर त्याचा प्रकार ठरतो. दहातले सुमारे नऊ आवरणाच्या पेशींचे, म्हणजे एपिथेलियल. ते बहुतेक पन्नाशीनंतर होतात आणि बरेचदा पोटात पाणी भरल्यावरच कळतात. काकूंचा यातलाच असावा. काही थोडे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचे असतात.

बहिणीची गाठ मात्र बीजपेशींची, म्हणजे ज्यांतून स्त्रीबीज तयार होतं त्या पेशींची, जर्म सेल ट्यूमर. हा मुख्यतः मुलींचा आणि विशीतल्या तरुणींचा आजार. त्यात डिसजर्मिनोमा किमोला फार चांगली दाद देतो. अंडाशयापुरता असतानाच सापडला तर दहात नऊहून जास्त मुली बऱ्या होतात. अगदी सुरुवातीचा असेल तर कधी कधी किमोही लागत नाही, नियमित तपासणीवर भागतं. दुसरं अंडाशय आणि गर्भाशय शाबूत असेल तर पुढे मूलही होऊ शकतं. आईला हे नक्की सांगा.

पण प्रकार कळला म्हणजे सगळं कळलं नाही. आजार कुठवर पसरलाय, ती स्टेज, तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्यासाठी स्कॅन लागेल. शिवाय अशा गाठीत कधी दुसऱ्या जातीच्या पेशी मिसळलेल्या असतात, मग उपचार बदलतात. म्हणून लॅबमधून बहिणीच्या गाठीचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड (तपासणीच्या काचपट्ट्या) मागून घ्या (ते द्यायला त्यांनी नाही म्हणू नये) आणि कॅन्सरच्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. एलडीएच, एएफपी आणि बीटा एचसीजी या रक्ततपासण्या झाल्यात का, तेही विचारा. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी नेहमी करतात तो सीए-१२५ हा रक्ताचा रिपोर्ट नुसता नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका, या आजारात तो पुरेसा नाही.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. वावराचा सौदा करण्याआधी तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा, रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या. सोयाबीन निघेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात जा. बाबांनाही घेऊन जा आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा, ‘स्टेज कोणती, आणि किमो लागणार का?’