पोर्ट नेमका अडतो कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर मुलांसाठी माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर सुरू केला. त्याच कॉम्प्युटरवरून गेममध्ये शिरता येते, पण घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवर 'कनेक्शन टाइम्ड आउट' असे येते. फायरवॉलमध्ये २५५६५ पोर्ट उघडून दिला, तरी फरक नाही. फायरवॉल पूर्ण बंद करावी का?

उत्तर : नको. बंद केल्यावर गेम सुरू झाला, तरी कोणता नियम आडवा येत होता ते कळत नाही आणि मग फायरवॉल तशीच बंद राहून जाते.

पोर्ट (प्रोग्रॅमचे नेटवर्कवरचे क्रमांकाचे दार) 'ब्लॉक' वाटतो तेव्हा अडथळा चार ठिकाणी असू शकतो. प्रोग्रॅम त्या पोर्टवर ऐकतच नसेल, कॉम्प्युटरची फायरवॉल अडवत असेल, राउटर पुढे पाठवत नसेल किंवा इंटरनेट कंपनीकडेच वाट बंद असेल. तपास नेहमी आतून बाहेर करत जावा. बहुतेक जण उलटे करतात, म्हणजे आधी राउटरला हात घालतात. तुमची दोन्ही यंत्रे घरातच आहेत, तेव्हा पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरने घरातल्या ठरावीक कॉम्प्युटरकडे पाठवणे) आणि इंटरनेट कंपनी हे मुद्दे सध्या बाजूला ठेवा.

सर्व्हर चालू असताना कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'नेटस्टॅट' लिहून एक स्पेस, मग डॅश आणि त्याला जोडून ए, एन, ओ ही अक्षरे लिहा. येणाऱ्या यादीत २५५६५ आणि 'लिसनिंग' असलेली ओळ शोधा. पोर्टच्या आधी ०.०.०.० असेल तर सर्व्हर सगळ्या जोडण्यांवर ऐकतो आहे. १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरचे ऐकतो, आणि मग फायरवॉलमध्ये काहीही केले तरी उपयोग नाही. अशा वेळी सर्व्हरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये 'सर्व्हर-आयपी'पुढची जागा रिकामी ठेवा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा.

तिथे ०.०.०.० दिसत असेल, तर तुमच्या लक्षणांवरून संशय एकाच गोष्टीवर जातो. सर्व्हर पहिल्यांदा चालवताना विंडोजने परवानगीची खिडकी दाखवली असणार आणि कोणीतरी 'कॅन्सल' दाबले असणार. त्या क्षणी विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी अडवणारे नियम तयार करते, सहसा दोन : एक टीसीपीचा, एक यूडीपीचा (नेटवर्कवर माहिती पाठवण्याच्या या दोन पद्धती). विंडोजच्या फायरवॉलमध्ये अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. म्हणून पोर्ट उघडूनही काही होत नाही.

स्टार्टमध्ये 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' शोधा, 'इनबाउंड रूल्स' उघडा आणि जावाच्या नावाच्या नोंदी पाहा. लाल चिन्हाच्या नोंदी काढून टाका. मग तुमच्या परवानगीच्या नियमाचे 'प्रोफाइल' तपासा. नियम 'प्रायव्हेट'साठी केलेला आणि वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेले, हा घोटाळा फार वेळा दिसतो. घरचे नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट' करा. नियम 'पब्लिक'ला लावू नका, नाहीतर कॉम्प्युटर परक्या वायफायवर नेला तरी पोर्ट उघडाच राहील.

पडताळणी लॅपटॉपवरून करायची. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन', सर्व्हरचा घरातला आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), मग 'डॅश पोर्ट' आणि २५५६५ असे लिहा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आले की वाट मोकळी. ही चाचणी फक्त टीसीपीची आहे. माइनक्राफ्टची बेडरॉक आवृत्ती यूडीपी १९१३२ वापरते, तिथे हिचा उपयोग नाही.

इतके करूनही 'फॉल्स' येत असेल, तर लॅपटॉप राउटरच्या 'गेस्ट' वायफायवर नाही ना, ते पाहा. गेस्ट वायफाय सहसा घरातल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाही. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिच्यातही नियम द्यावा लागतो.

प्रश्न : घरात सगळे चालते. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगही केले आहे. पण बाहेरच्या मित्रांना जोडता येत नाही आणि पोर्ट तपासणाऱ्या संकेतस्थळावर 'क्लोज्ड' दिसते.

उत्तर : फॉरवर्डिंगला हात लावण्याआधी दोन आकडे जुळवा. राउटरच्या स्टेटस पानावरचा 'वॅन आयपी' (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा आयपी. दोन्ही सारखे असतील, तर दोष राउटरच्या नोंदीत किंवा पुन्हा कॉम्प्युटरवरच आहे. नोंदीतला घरातला आयपी आणि कॉम्प्युटरचा आजचा आयपी एकच आहे का? राउटर डीएचसीपीने आयपी वाटतो आणि तो बदलू शकतो. डीएचसीपी रिझर्व्हेशन करून तो कायमचा बांधून घ्या. टीसीपीऐवजी यूडीपी निवडले गेले आहे का, तेही पाहा.

वॅन आयपी १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर बहुधा इंटरनेट कंपनीचा मोडेमही राउटरचे काम करतो आहे आणि तुमचा राउटर त्याच्या मागे आहे. मोडेम 'ब्रिज मोड'मध्ये टाका, म्हणजे तो राउटरचे काम सोडेल, किंवा त्यातही तोच पोर्ट तुमच्या राउटरकडे फॉरवर्ड करा.

तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून आलेली जोडणी कोणाच्या घरी पाठवायची हे कंपनीच्या यंत्रणेला ठाऊक नसते. काही कंपन्या १० ने सुरू होणारे आयपीही यासाठी वापरतात. इथे राउटरमध्ये कितीही खटाटोप केला तरी व्यर्थ. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (आयपीची नवी, लांब पत्त्यांची पद्धत) असेल तर ते वापरा, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते. नाहीतर टेलस्केलसारखे व्हीपीएन (इंटरनेटवरून जोडलेले खासगी नेटवर्क) सर्वांच्या यंत्रांवर बसवा. मोजक्या मित्रांसाठी हा शेवटचा मार्ग आम्हाला सर्वांत बरा वाटतो, कारण पोर्ट जगासाठी उघडावाच लागत नाही.

चाचणीबद्दल दोन सूचना. सर्व्हर चालू असतानाच तपासा, कारण ऐकणारे कोणी नसेल तर पोर्ट 'क्लोज्ड'च दिसणार. आणि घरच्याच वायफायवरून स्वतःचा सार्वजनिक आयपी टाकून पाहू नका. बऱ्याच राउटरना ही आतून आत येणारी फेरी जमत नाही. मोबाइल डेटावरून पाहा.

प्रश्न : वेब प्रोग्रॅम ३००० पोर्टवर सुरू करताना विंडोज १००१३ ही त्रुटी देते. नेटस्टॅटच्या यादीत तो पोर्ट कोणीच घेतलेला नाही. कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्यावर कधी चालते, कधी नाही.

उत्तर : पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमने घेतलेला असता तर सहसा १००४८ आली असती. १००१३ म्हणजे परवानगी नाही. कॉम्प्युटरवर हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल किंवा डॉकर (विंडोजच्या आत वेगळ्या प्रणाली किंवा प्रोग्रॅम चालवणारी साधने) असेल, तर विंडोज सुरू होताना पोर्टचे काही पट्टे राखून ठेवते. ते पट्टे दर वेळी बदलू शकतात, म्हणून तुमचे कधी चालते, कधी नाही. नेटस्टॅटमध्ये ते दिसत नाहीत. पाहायची कमांड : 'नेटश इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्स्क्लुडेडपोर्टरेंज टीसीपी'. यातले एक्स्क्लुडेडपोर्टरेंज सलग लिहायचे.

३००० त्यातल्या एखाद्या पट्ट्यात असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून 'नेट स्टॉप विननॅट' द्या, प्रोग्रॅम सुरू करा, मग 'नेट स्टार्ट विननॅट'. हा झाला तात्पुरता उपाय. मूळ कारण वरच्याच कमांडमध्ये शेवटच्या दोन शब्दांऐवजी 'डायनॅमिकपोर्ट टीसीपी' लिहून दिसेल. सुरुवात ४९१५२ आणि संख्या १६३८४ हवी. सुरुवात १०२४ दिसली, तर 'शो'च्या जागी 'सेट' लिहून हे दोन आकडे द्या आणि रीस्टार्ट करा.

प्रश्न : मॅकवर ५००० पोर्ट कायम व्यापलेला. प्रक्रिया बंद केली की लगेच पुन्हा येते.

उत्तर : तो एअरप्ले रिसीव्हर आहे, म्हणजे आयफोनसारख्या यंत्रांवरचे चित्र-आवाज मॅकवर घेणारी सोय. मॅकओएस मॉन्टेरेपासून तो ५००० आणि ७००० घेतो. सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'जनरल', तिथे 'एअरड्रॉप अँड हँडऑफ', आणि एअरप्ले रिसीव्हर बंद. एअरप्ले लागत असेल तर प्रोग्रॅमलाच ५००१ द्या.

प्रश्न : मेल येतात, पण पाठवताना २५ पोर्टवर अडकतात.

उत्तर : स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवरून बाहेर जाणारा २५ बंद ठेवतात. तो उघडून मागू नका. पाठवण्यासाठी ४६५ आणि टीएलएस, किंवा ५८७ आणि स्टार्टटीएलएस निवडा. सोबत युजरनेम-पासवर्ड लागतोच. पोर्ट आणि सुरक्षेच्या जोड्या उलट लावल्या तर जोडणी लटकते आणि पुन्हा पोर्ट बंद असल्याचा भास होतो.

प्रश्न : बाहेरून घरचा कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून ३३८९ फॉरवर्ड केला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण करू नका. रिमोट डेस्कटॉपचा हा पोर्ट इंटरनेटवर सतत शोधला जातो आणि पासवर्डचे अंदाज लावणारे प्रोग्रॅम लगेच मागे लागतात. पोर्टचा आकडा बदलल्याने गर्दी कमी होते, धोका जात नाही. राउटरवर किंवा कॉम्प्युटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवा आणि त्यातून ३३८९ला जोडा.