मायलेज वाढवणारी यंत्रं गाडीला लावून खरंच फरक पडतो का?

तुमच्या २०१६ च्या १.२ लिटर पेट्रोल गाडीचं मायलेज लिटरला १७ किलोमीटरवरून १५ वर आलं, म्हणून ओबीडी सॉकेटला (गाडीतले बिघाड तपासायचं यंत्र जोडतात तो सॉकेट) लावायचं ‘फ्युएल सेव्हर’ घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. सोबत पेट्रोलच्या पाइपवरचं चुंबक आणि विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून इंजिनाला देणारं हायड्रोजन किट यांचंही नाव घेतलंय. तिन्हींपैकी एकही घेऊ नका. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेने असली शंभराहून जास्त यंत्रं तपासली. लक्षणीय फरक पाडणारं एकही निघालं नाही, काहींनी तर इंजिनाचं नुकसान केलं किंवा धूर वाढवला.

ओबीडीचं डबडं आधी घेऊ, कारण तुमचा मूळ प्रश्न त्याचाच आहे. पातळ स्क्रूड्रायव्हरने त्याचं कव्हर उचकटा. आत आठ पायांची एक चिप, एक व्होल्टेज रेग्युलेटर, दोन-तीन एलईडी आणि ‘रीसेट’चं बटण दिसेल. काय नाही ते बघणं जास्त महत्त्वाचं. गाडीच्या कॅन लाइनवर, म्हणजे आतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या तारांवर, बोलायचं तर ट्रान्सीव्हर (संदेश घेणारी-पाठवणारी चिप) लागतो, आणि तो सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांना जोडावा लागतो. या स्वस्त प्लगमध्ये तो नसतो. १६ नंबरच्या पिनेवरून बॅटरीचा करंट घ्यायचा, ४ नंबरवरून अर्थिंग, आणि दिवे लुकलुकवायचे, एवढंच त्याचं काम. ट्रान्सीव्हर असता तरी उपयोग नव्हता. ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, फ्युएल मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) बदलायला आधी सिक्युरिटीचं कुलूप उघडावं लागतं, मग प्रोग्राम नव्याने चढवावा लागतो, आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. सगळ्या गाड्यांना चालणारा एकच प्लग हे करूच शकत नाही.

मग लोकांना फरक कसा जाणवतो? खोक्यावर लिहिलेलं असतं की पहिले दीड-दोनशे किलोमीटर चालवा, यंत्र तुमची सवय शिकेल. पैसे मोजलेले असतात, नजर मायलेजच्या आकड्यावर असते, म्हणून तेवढ्या दिवसांत पाय आपोआप हलका पडतो. वाढलेलं किलोमीटर त्या पायाचं असतं. शिवाय १६ नंबरची पिन गाडी बंद असतानाही चालू राहते. प्लगने २५ मिलिअँपिअर खाल्ले तरी दोन आठवड्यांत ८ अँपिअर-अवर गेले. ३५ अँपिअर-अवरची जुनी बॅटरी असेल तर गावाहून परतल्यावर गाडी धक्का मारूनच चालू करावी लागू शकते.

चुंबकाबद्दल थोडक्यात. पेट्रोलच्या रेणूंवर असल्या चुंबकाचा ज्वलनात दिसेल असा काहीही परिणाम होत नाही. ‘पेट्रोल पूर्ण जळतं’ हा दावाच पोकळ आहे, कारण ठीकठाक चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत ९७-९८ टक्के पेट्रोल आधीच जळतं. पैसा जातो तो उष्णतेत, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून. एअर इनटेकमध्ये बसवायचे भोवरे, सिगारेट लायटरमध्ये खोचायचे ‘स्टॅबिलायझर’, सगळे याच माळेचे मणी.

हायड्रोजन किटचा हिशोब मांडूनच दाखवतो. सहा सेलचं किट १४ व्होल्टवर १० अँपिअर घेतं असं धरा. तासाला हायड्रोजन मिळतो सव्वादोन ग्रॅम, म्हणजे ऊर्जेच्या मापात ८ मिली पेट्रोल. तेवढी वीज काढायला अल्टरनेटर आणि इंजिन यांची गळती धरून तासाला जवळपास १०० मिली पेट्रोल जळतं. शंभर देऊन आठ परत. शिवाय बॉनेटखाली कॉस्टिक पोटॅशचं दाहक पाणी आणि पेटणारा वायू. काही किटबरोबर ऑक्सिजन सेन्सरला (धुरातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला कळवणारा) फसवणारी सर्किट देतात. तिने मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि मायलेज थोडं वाढल्यासारखं वाटतं, पण व्हॉल्व्ह आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतात.

आता तुमचे दोन किलोमीटर. सगळे खापर ई-२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फोडतात. ते अर्धंच खरं आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीला ई-२० वर ६ ते ७ टक्के घट सांगितली आहे. ही घट पूर्ण धरली तरी १७ चे १५.८ होतात. तुम्ही १५ वर आहात. उरलेलं गाडीत कुठेतरी गळतंय.

माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर, आणि इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. गाडी एकदा गरम झाली की आपल्याकडे कित्येक मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. ‘हा थंड देशातला पार्ट, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ हे छातीठोकपणे सांगतात. साफ चूक आहे. इंजिन ८५-९० अंशांवर ठेवणं हे त्याचं काम. तो नसला किंवा उघडा अडकला की कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) ६५-७० वर घुटमळतं, ईसीयूला इंजिन अजून गार वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइल जाड राहतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. त्यातही बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही कूलंट रेडिएटरला न जाताच परत फिरतं, आणि भर घाटात गाडी उलट जास्त तापते.

तपासणी सोपी आहे. त्याच ओबीडी सॉकेटला लावायचा ईएलएम३२७ रीडर घ्या, ब्लूटूथवाला. पैसे घालायचेच असतील तर या वस्तूत घाला, ती पेट्रोल वाचवत नाही पण गळती दाखवते. सकाळी गार गाडी चालू करून मोबाइलवर कूलंट टेंपरेचर बघा. ५-६ किलोमीटरमध्ये ८० अंश पार व्हायला हवं आणि मोकळ्या रस्त्यावर तिथेच टिकायला हवं. हायवेला लागल्यावर आकडा खाली घसरला तर थर्मोस्टॅट गेला किंवा मुळात नाहीच.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरीच तपासा. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने थर्मोस्टॅट मधोमध लोंबकळत ठेवा, बुडाला टेकू देऊ नका. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी त्याच्या आसपास आलं की झडप हळूहळू उघडायला हवी, बाहेर काढून गार झाल्यावर मिटायला हवी. बसवताना इंजिन पूर्ण गार हवं. कूलंट काढा, हाउसिंगचे बोल्ट सोडा, ओरिंग नवीच घ्या, आणि झडपेजवळची हवा सुटायची बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा. ती खाली राहिली तर हवा अडकते आणि काटा वर-खाली नाचतो. साधं पाणी भरू नका, कूलंटच भरा. मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

रीडरवर दुसरा आकडा बघायचा तो लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. अधिक-उणे ५ पर्यंत ठीक. ई-२० वर जुन्या गाडीत तो ३-४ ने वर सरकणं साहजिकच आहे. कायम अधिक १० च्या वर असेल तर थ्रॉटलनंतर (हवेच्या मुख्य झडपेच्या पुढे) कुठेतरी हवा शिरते आहे किंवा फ्युएल पंपाचं प्रेशर कमी आहे. उणे १० च्या खाली असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा ऑक्सिजन सेन्सर मंदावलाय. सेन्सर पुरता बिघडलेला असेल तर तो बदलून मायलेज चाळीस टक्क्यांपर्यंतही सुधारू शकतं.

टायरची हवा तुम्ही बघत असालच. ब्रेक मात्र कोणी बघत नाही. वीस किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवा आणि उतरून प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक घासतोय, बहुधा कॅलिपरच्या पिना सुकल्यात.

एअर फिल्टर बदलून मायलेज वाढतं हेही सोडून द्या. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत चोंदलेल्या फिल्टरने पिकअप पडतो, मायलेजला जवळजवळ काही होत नाही, कारण ईसीयू हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेनेही हेच मोजून दाखवलं आहे. फिल्टर बदला, पण इंजिनासाठी.

खंडाळ्याचा घाट न्यूट्रलला टाकून उतरणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे. गिअरमध्ये पाय उचलला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलला इंजिन आयडल राहण्यासाठी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच. एक्सप्रेसवेवर १०० ऐवजी ८० ने गेलात तर हवेचा अडथळा एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. इतका फायदा कुठलंही डबडं देणार नाही.

एक गोष्ट मान्य करतो. ईपीएच्या चाचण्यांत काही यंत्रांनी किंचित बचत दाखवली होती, आणि जुन्या, रिच चालणाऱ्या (गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढणाऱ्या) कार्ब्युरेटरमध्ये जास्तीची हवा सोडून थोडं साधायचंही. तुमच्या गाडीला ते लागू नाही, कारण जास्तीची हवा ऑक्सिजन सेन्सरला लगेच कळते आणि ईसीयू तेवढंच पेट्रोल वाढवतो.

आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर, एकाच नोझलवर, पहिल्या ऑटो कटला थांबायचं. ‘राउंड फिगर करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. वीस लिटरमध्ये एक लिटर इकडे-तिकडे झालं की हिशोब ५ टक्क्यांनी चुकतो, आणि यंत्रं विकणारे नेमके अशाच फरकावर जगतात. सलग तीन टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, हा तुमचा खरा आकडा. आधी तो काढा, मग थर्मोस्टॅट गेलेला निघाला तर तो बदला आणि पुढच्या तीन टाक्या भरून होईपर्यंत गाडीत दुसरं काहीही बदलू नका.