मालदीवच्या रिसॉर्टचा खरा खर्च

प्रश्न : आम्ही उभयता प्रथमच मालदीवच्या आलिशान रिसॉर्टमध्ये राहणार आहोत. जाहिरातीतील दराखेरीज आणखी काय द्यावे लागते? आम्ही शाकाहारी आहोत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : जाहिरातीतील दर बहुधा करांविना असतो. त्यावर साधारणतः १० टक्के सेवाशुल्क आणि जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन वस्तू-सेवा कर लागतो. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर वेगळा. मात्र खरा धक्का प्रवासखर्चाचा असतो, कारण बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र बेटावर असल्याने मालेच्या विमानतळावरून स्पीडबोटीने किंवा सागरी विमानाने जावे लागते. सागरी विमाने केवळ दिवसाउजेडी उडतात. त्यामुळे संध्याकाळी उतरणाऱ्यांना मालेजवळ मुक्काम करावा लागतो, आणि आरक्षण करताना हे कोणी आपणहून सांगत नाही. बेटावर दुसरी खानावळ नसल्याने जेवणासह दर घेणेच आमच्या मते शहाणपणाचे. स्थानिक स्वयंपाकात टुना मासा सर्रास असतो, तेव्हा शाकाहाराची सूचना आधीच लेखी द्यावी. सामानात मद्य नेऊ नये. विमानतळावर ते काढून घेतात.