गावच्या तलावावर बोटिंग खुशाल करा, सांडव्याला मात्र हात लावू नका

तुमचा बेत मला समजला तो असा. गावचं मातीचं धरण, उंची नऊएक मीटर. तरुण मंडळाला तिथे बोटिंग सुरू करायचंय. त्यासाठी पाळीचा माथा खाली घेऊन रुंद करायचा म्हणजे गाड्या लागतील, सांडव्यावर (तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती वाट) दीड फुटाची भिंत घालायची म्हणजे पाणी मे महिन्यापर्यंत टिकेल, आणि मासळी वाहून जाऊ नये म्हणून सांडव्यालाच जाळी लावायची. शिवाय पाळीच्या पायथ्याशी एक जागा कायम ओली असते, तिचं काय करावं हेही विचारलंय.

बोटिंगला माझा अजिबात विरोध नाही, गावात चार पैसे येतील. पण माथा, भिंत आणि जाळी ही तिन्ही कामं रद्द करा.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन शहराच्या वरच्या अंगाला साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. कालव्याला पाणी देण्यासाठी सरकारनं बांधलेलं. रेल्वे आली, कालवा बंद पडला आणि धरणाकडे बघणारं कुणी उरलं नाही. १८७९ मध्ये ते विकत घेतलं गेलं आणि धनिकांच्या एका क्लबानं तिथे मासेमारी आणि नौकाविहार सुरू केला. पोलादाचे मोठे उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी या क्लबाचे सभासद होते. तळातून पाणी सोडायचे बिडाचे पाइप आधीच्या मालकाच्या काळात भंगारात गेले होते, ते क्लबानं परत बसवले नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा काही फूट खाली घेतला. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या ठोकल्या. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, जाळ्यांत काडीकचरा अडकला. माणसं कुदळ-फावडी घेऊन सकाळपासून दुसरी वाट खणत होती, पण पाणी माथ्यावरून गेलंच. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटलं आणि २,२०० हून जास्त माणसं मेली. तुमच्या यादीतली माथा आणि जाळी ही दोन्ही कामं तिथे झाली होती.

लोणावळ्याला भुशी धरणावरून पाणी वाहतं आणि लोक पायऱ्यांवर मजेत बसतात. ते चित्र डोक्यातून काढा, ते दगडी बांधकाम आहे. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की उतरणीवरची माती धुपते, घळ पडते, आणि ती घळ मागे सरकत तलावापर्यंत पोचते. मग काही करता येत नाही.

दीड फूट ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून हिशोब सांगतो. समजा सांडव्यापेक्षा पाळ पाच फूट उंच आहे. दीड फूट भिंत घातलीत की उरले साडेतीन. पण सांडव्यावरून जाणारं पाणी उंचीच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून वेगानं होतं. पाळ बुडायच्या आत सांडवा आधी जेवढं पाणी काढू शकत होता, त्याच्या साठ टक्क्यांहूनही कमी आता काढेल. वर जाळीत बेशरमाच्या काड्या, जलपर्णी आणि प्लास्टिक अडकलं की तेवढंही नाही. उन्हाळ्यात पाणी हवंय ना? मग गाळ काढा. गाळमुक्त धरण योजनेत गाळ शेतात नेता येतो. फक्त पाळीच्या पायथ्यालगत खणू नका, तिथला चिकण थर फाटला की खालून पाझर वाढतो.

माथ्याचं म्हणाल तर तो खाली घ्यायचा नाहीच, उलट कुठे बसलाय का ते बघायचं. गवंडी वापरतो तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दर दहा पावलांवर मोजा. जिथे खोलगट सापडेल तिथूनच पहिलं पाणी जाणार. चाकोऱ्या पडल्या असतील तर मुरूम घालून धुम्मस करून घ्या. गाड्या खाली, दूर उभ्या करा.

आता ओली जागा. मातीचं धरण थोडं पाझरतंच, तेवढ्यानं घाबरू नका. पाणी स्वच्छ आहे का गढूळ, आणि वाढतंय का, हे महत्त्वाचं. काचेच्या ग्लासात ते पाणी घ्या आणि तासभर हलवू नका. तळाला माती बसली तर धरणाच्या पोटातली माती बाहेर येतेय असं समजा, आणि त्याच दिवशी लेखी कळवा. ओल पायथ्याशी न राहता उतारावर वर सरकली, तरीही तेच. बाहेरून सिमेंट किंवा चिकणमाती थापून ती कधीही बंद करू नका, पाणी आत कोंडतं आणि दुसरीकडून फुटतं. तिथे वाळू, वर खडी, वर दगड असे थर लागतात, म्हणजे पाणी निघतं आणि माती जागेवर राहते. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच करा. चिपळूण तालुक्यातल्या तिवरे धरणाच्या गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. म्हणून तुमचा अर्ज फोटो, तारीख आणि पोचेसह असू द्या. तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की जलसंधारण विभागाकडे, हे ग्रामपंचायतीत कळेल.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरवरच्या, आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना लागू आहे. तुमचं त्यात बसत नाही. म्हणून पावसाळ्यात रोज पाळीवरून चक्कर मारणारा माणूस मंडळानंच नेमावा. घुशींची आणि खेकड्यांची बिळं दिसावीत म्हणून गवत कापून ठेवा, आणि बाभळी रोपं असतानाच काढा.

बोटी वल्ह्याच्या किंवा पायडलच्या घ्या, मोटारीच्या लाटांनी पाळीची दगडी पिचिंग (पाण्याकडच्या उतारावर रचलेले दगड) ढासळते. धक्का तरंगता करा आणि तो पाळीपासून व सांडव्यापासून लांब, बाजूच्या काठाला ठेवा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवंच. आणि सांडवा वाहू लागला की तो थांबेपर्यंत एकही बोट पाण्यात जाऊ देऊ नका.