पाठ्यवृत्तीच्या पेचात असलेल्या एका तरुण डॉक्टरला

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा प्रस्ताव वाचला. शीतपेये बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिष्ठानाकडून मिळणारी पाठ्यवृत्ती घ्यावी की नाही, असे तू पत्रात विचारतेस. पण उत्तर तुझ्या प्रस्तावातच आहे आणि ते तुझ्या नजरेतून सुटले आहे. पावसाळ्यात पाठवलेल्या मसुद्यात मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील शाळकरी मुले किती गोड पेये पितात, शाळेजवळच्या दुकानांत काय विकले जाते आणि त्यात घरचा किती पैसा जातो, हे तीन प्रश्न होते. नव्या मसुद्यात मैदाने आहेत, कवायत आहे आणि पावले मोजणारी घड्याळे आहेत. जुने प्रश्न कोणी खोडले असे विचारले, तर तू म्हणशील की कोणीच नाही, चर्चा होत गेली तसे ते मागे पडले. माझे म्हणणे नेमके एवढेच आहे. ज्याला आवर घालायचा, त्याचा पैसा घ्यायचा नाही.

"त्यांनी एकही अट घातलेली नाही," असे तू दोन ठिकाणी अधोरेखित करून लिहिले आहेस. अट घालावी लागते ती बेइमान माणसाला. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो, आणि म्हणूनच असा पैसा सज्जनांच्या हातून जास्त काम करून घेतो. 1967 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आहार आणि हृदयविकार यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात साखरेवरचा संशय सौम्य करून सगळा भर स्निग्धांशावर दिला होता. तो लिहिणारे हार्वर्डचे नामांकित प्राध्यापक होते आणि त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने साडेसहा हजार डॉलर मोजले होते, हे उजेडात यायला 2016 साल उजाडले. त्या प्राध्यापकांना मी विकाऊ म्हणणार नाही. त्यांच्यापैकी मार्क हेगस्टेड यांनी पुढे अमेरिकेची आहारविषयक उद्दिष्टे ठरवण्यात मोठे काम केले. एवढ्या तोलामोलाच्या माणसाला जे टाळता आले नाही, ते आपल्याला टाळता येईल असे तुला कशावरून वाटते?

व्यायामाचेही तसेच. व्यायाम वाईट असे कोण म्हणेल? परंतु 2015 मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासाठी खाण्यापिण्यापेक्षा हालचालीच्या अभावाकडे बोट दाखवणारे शास्त्रज्ञांचे एक जाळे उभे राहिले, त्यामागे कोका-कोलाचा पैसा असल्याचे वृत्तपत्राने उघड केले, कोलोरॅडो विद्यापीठाला दहा लाख डॉलर परत करावे लागले आणि वर्ष संपण्याआधीच ते जाळे गुंडाळले गेले. त्यांचा व्यायामाविषयीचा अभ्यास खोटा होता की खरा, या वादात मी शिरतच नाही. कोणता अभ्यास व्हावा आणि कोणता होऊ नये, हे तिथे देणाऱ्याच्या सोयीने ठरले. तुझ्या नव्या मसुद्यातही नेमके तेच झाले आहे.

तुला हा माझा म्हातारपणीचा हट्ट वाटत असेल, तर आपला कायदा उघडून पाहा. अर्भकांच्या दुधाला पर्यायी पदार्थांविषयीचा 1992 चा कायदा 2003 मध्ये अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार अशा पदार्थांचे उत्पादक डॉक्टरांना किंवा त्यांच्या संघटनांना परिषदेसाठी, अभ्यासक्रमासाठी, संशोधनासाठी पैसे देऊ शकत नाहीत, आणि त्या यादीत पाठ्यवृत्तीही स्पष्टपणे आहे. म्हणजे मूल दोन वर्षांचे होईपर्यंत कायदा माझ्याच बाजूने बोलतो. तेच मूल सहा वर्षांचे होऊन शाळेत जाऊ लागले की त्याच्या पोटात काय जाते, हे तपासणाऱ्या डॉक्टरने मात्र पेय विकणाऱ्याच्या पैशावर जगावे, ही कुठली रीत?

नोकरीत असताना शालेय आरोग्य तपासणीसाठी एका बिस्किट कंपनीने वजनकाटे आणि तपासणीची कार्डे देऊ केली होती. कार्डावर त्यांचे चिन्ह छापले जाणार होते. मी नको म्हटले. "साहेब, काटे पोरांसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत," असे एक सहकारी सर्वांसमोर म्हणाला, आणि तो चुकीचे बोलत नव्हता, कारण त्या वर्षी डोंगरातल्या कित्येक वाड्यांमधल्या मुलांची वजने झालीच नाहीत. ती खंत अजून जात नाही. तरीही आज तो प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा नकोच म्हणेन. पुढे शाळांच्या दारात टांगलेल्या पुड्यांच्या माळांवर मी अहवाल लिहिला, तेव्हा मला कोणाचा संकोच वाटला नाही. तो अहवाल कोणी वाचला का, हे मात्र विचारू नकोस.

आणि हा नियम केवळ परक्या कंपन्यांना लावून भागत नाही. आमच्या गावच्या बचत गटाला अमृत कोकमासाठी "आरोग्यदायी" असे माझ्या सहीचे पत्र हवे होते. कोकमाचे आगळ मिठात मुरते आणि अमृत कोकम साखरेत. फळांच्या अशा पाकात विरघळलेले घन पदार्थ किमान 65 टक्के असावेत, असे अन्नसुरक्षेचे मानकच सांगते, म्हणजे बाटलीत मुख्यतः साखरच असते. पाहुण्याला पेलाभर द्यावे, मीही आवडीने पितो. पण पत्र मी दिले नाही. गटात माझी वहिनी होती. पुढचे गणपती येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

आता तुझ्या जुन्या प्रश्नांकडे ये, कारण ते खरोखर चांगले होते. सप्टेंबर 2025 पासून वायुयुक्त शीतपेयांवर 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर वायू नसलेल्या फळांच्या रसाच्या पेयांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. आपल्याकडची मुले एसटी स्टँडवर आंब्याच्या नावाचे जे पाकीट फोडतात, ते या दुसऱ्या गटात मोडते. त्यात आंबा किती आणि साखर किती, आणि स्वस्त झाल्यावर ते जास्त खपते का, हा प्रश्न हापूसच्या जिल्ह्यात बसून विचारायला हवा, आणि तो विचारण्यासाठी कोणतीही पेय कंपनी तुला पैसे देणार नाही. हवे तर मागून पाहा.

पैसे नाहीत, हे तुझे म्हणणे मला कळते, आणि त्याचा तुला जितका राग येतो तितकाच मलाही येतो. म्हणून लहान सुरुवात कर. 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. एक मोजपट्टी घे, एका तालुक्यातल्या शाळा निवड, प्रत्येक फाटकापासून 50 मीटरच्या आत काय विकले जाते ते वहीत उतरव आणि पाकिटामागचे साखरेचे आकडे समोर लिहीत जा. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाई मदत करतील, त्यांना सगळी दुकाने पाठ असतात. तो तक्ता जिल्हा परिषदेला आणि अन्न व औषध प्रशासनाला पोच घेऊन दे.

प्रतिष्ठानाला नकार कळवताना मात्र "वैयक्तिक कारणास्तव" असे लिहू नकोस. जुने तीन प्रश्न पत्रात जसेच्या तसे उतरव, त्यांच्या पैशातून या प्रश्नांचा अभ्यास करता येत नाही म्हणून पाठ्यवृत्ती नाकारत आहे, असे स्वच्छ लिही, आणि त्या पत्राची एक प्रत मला पाठव.