भाड्याच्या फ्लॅटमधून वरचे पैसे कसे मिळवावेत?

तुमचा वारज्यातला टू बीएचके 22,000 रुपयांना जातो आणि त्यावर रंगाचे, साफसफाईचे, पार्किंगचे, अ‍ॅग्रीमेंटचे असे वेगळे पैसे लावले तर वर्षाला किती सुटतील, असं तुम्ही विचारलंय. माझा कोथरूडचा फ्लॅट अकरा वर्षं भाड्याने जातोय. यातलं बरंचसं मी करून पाहिलंय, म्हणून सांगते.

रंगाच्या पैशांपासून सुरुवात करते, कारण तिथे माझी चूक झाली. नांदेडची एक मुलगी, हिंजवडीत नोकरीला, अकरा महिने राहून घर सोडत होती. एजंट म्हणाला, डिपॉझिटमधून रंगाचे 9,000 कापा, सगळेच कापतात. मी कापले. ती म्हणाली, "काकू, एकदा येऊन बघा तरी." मी गेले. हॉलमधलं कॅलेंडरसुद्धा तिने टेपने चिकटवलेलं, भिंतीला एक खिळा नाही. ओट्यामागच्या टाइल्स मी घर ताब्यात दिलं तेव्हापेक्षा लख्ख होत्या. तरी अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलंय म्हणून मी पैसे कापलेच. तिच्या ऑफिसातली मैत्रीण पुढच्या महिन्यापासून राहायला येणार होती, तिने नाही म्हणून कळवलं. घर दीड महिना कुलूपबंद राहिलं. तेव्हा भाडं 18,000 होतं, म्हणजे 9,000 साठी मी 27,000 घालवले. त्या मुलीचं वाईट वाटतं ते वेगळंच. राहणाऱ्याने भिंत खराब केली असेल तर जरूर कापा. वापराने रंग जुना झाला असेल तर तो खर्च घरमालकाचा.

हाच हिशोब तुमच्या घराला लावून बघा. महिना 500 रुपये वर लावले तर वर्षाचे 6,000 होतात. घर एक महिना रिकामं राहिलं की 22,000 गेले, शिवाय त्या महिन्याचा मेंटेनन्स आपल्याच खिशातून.

अ‍ॅग्रीमेंटच्या नावाखाली भाडेकरूकडून चार-पाच हजार घेतले जातात, तेही करू नका. खरा खर्च काय येतो ते बघा. 22,000 भाडं, अकरा महिने आणि समजा 66,000 डिपॉझिट. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. ते साधारण सव्वासहाशे होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. बाकी घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची मजुरी. हे निम्मं-निम्मं वाटून घ्या आणि पावती भाडेकरूला दाखवा. आणि अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

आता पैसे खरोखर कुठे मिळतात ते सांगते. भाडेकरूला रोज वापरता येईल अशी वस्तू घरात ठेवा आणि तिचे पैसे भाड्यातच धरा. मी ड्राय बाल्कनीत नळ आणि प्लगचा पॉइंट काढून घेतला, 16,000 चं वॉशिंग मशीन बसवलं आणि भाडं 1,000 ने वाढवलं. सोळा महिन्यांत मशीनचे पैसे वसूल झाले. कुणी कुरकुर केली नाही, कारण बॅचलर मुलांना मशीन विकत घेऊन दर वर्षी टेम्पोत घालून हलवायचं नसतं. सगळ्या खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवल्या, त्याचंही तसंच. नवा माणूस घर बघायला आला की आधी जाळी सरकवून बघतो. मात्र वस्तूंची यादी कराराला जोडा आणि प्रत्येक वस्तूचा फोटो दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असू द्या.

पार्किंगचं थोडक्यात. सोसायटीने तुमच्या फ्लॅटला दिलेली जागा तुमचा भाडेकरू वापरेल. ती बाहेरच्या माणसाला परस्पर भाड्याने द्यायच्या भानगडीत पडू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे मी कित्येक वर्षं बघितलंच नव्हतं. सोसायटीचं बिल. माझ्या बिलात 'नॉन ऑक्युपन्सी चार्जेस' म्हणून दरमहा 1,000 लागत होते. भाड्याने दिलंय म्हटल्यावर लागणारच, असं समजून मी भरत राहिले. मग एका शेजाऱ्यांनी सांगितलं की राज्य सरकारच्या 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाप्रमाणे सहकारी गृहनिर्माण सोसायटीला हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्क म्हणजे बिलाची एकूण रक्कम नव्हे. त्यात महापालिकेचे कर येत नाहीत. माझ्या बिलात सेवा शुल्काची ओळ 1,950 ची होती. म्हणजे मला लागायला हवे होते 195. महिन्याला 805 जास्त, वर्षाला 9,660. आदेशाची प्रत जोडून कमिटीला पत्र दिलं, पोच घेतली. दोन मीटिंगा झाल्या, थोडी तणतण झाली, पण पुढच्या तिमाहीपासून रक्कम दुरुस्त झाली. मुलगा, मुलगी, आईवडील असं जवळचं नातेवाईक राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही.

हा आदेश सहकारी सोसायट्यांसाठी आहे. पुण्यात पुष्कळ इमारती सोसायटी नसून 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली 'अपार्टमेंट' म्हणून नोंदवलेल्या असतात, तिथे हिशोब वेगळा. नोंदणीच्या कागदावर तुमची इमारत नेमकी काय आहे ते आधी बघा.

एक खर्च मात्र धरून चाला. आपण स्वतः राहतो त्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात 40 टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या घराला ती नसते. भाडं ठरवतानाच तो फरक बाराने भागून त्यात घाला आणि भाडेकरूला एकच आकडा सांगा. सध्याचं मिळकतकराचं आणि सोसायटीचं, अशी दोन्ही बिलं आज काढून बघा. सेवा शुल्काची ओळ सापडली नाही तर इथेच खाली विचारा, कुठे बघायची ते सांगते.